काठ बघताना

उद्यमबागेत, भर एप्रिलात, दुपारी दोनला
इराण्णा हुद्दारनं शेडच्या फरशीवर तीन पट्टे उलगडले,
शहापुरात इरकली उलगडतात तसे,
आणि मी, मलिकवाडच्या दूध संस्थेची सचिव,
सवयीनं आधी काठच पाहिला.

पहिला सलग रबराचा, अठरा इंची,
समुद्रापलीकडून आलेला, अंगाला अजून खोक्याचा वास.
दुसरा प्लास्टिकच्या तुकड्यांचा,
तुटला तर तेवढाच तुकडा बदलायचा.
तिसरा इराण्णाच्या हातचा :
साखर कारखान्याचा जुना कन्व्हेयर बेल्ट,
वर बोल्टनं आवळलेल्या ओतीव आडव्या पट्ट्या.
किंमत तो कन्नडात सांगतो,
सूट मराठीत.

गाडी बाहेर उन्हात उभी.
आठ चाकं, हिरवा टब,
खानापूरकडच्या कुठल्याशा बुडालेल्या रिसॉर्टची,
बाजूला अजून हरणाचं चित्र.
लिलावात घेतली तेव्हा गाव हसलं होतं :
बाईनं म्हशींसाठी नाव घेतली, तीही चाकांची!

भूपाल म्हणतो (चालवणार तोच),
"पाण्यात बदकागत, डांबरावर रिक्षागत.
अडती ती मदीच."

गेल्या पुरात पूल बुडाल्यावर
पलीकडच्या मळ्यांतलं दूध घेऊन आलो
आणि काठाला लागलो :
पुढची दोन चाकं गाळात, मागची सहा पाण्यात.
टायर फिरत राहिले जागच्या जागी,
रवी फिरावी तसे,
पण लोणी काही येईना.
सव्वा तास ढकललं. दूध आधीच रात्रीचं.
दोनशे चाळीस लिटर नासलं.
मी वहीत लाल शाईनं लिहिलं,
बेरजेत धरलं नाही.

म्हणून आता फरशीवर गुडघे टेकून
बोटांनी रबराचे कंगोरे मोजतेय.

इराण्णा सांगतो :
रुंद पट्टा भार पसरतो, रुतत नाही.
पण उसाच्या बुडख्यांवर घातलात तर कड फाटणार.
काळ्या रानाची माती चाकात अन् पट्ट्यात बसते,
वाळली की दगड,
मग पट्टा उतरतो, तोही नेमका वळणावर.
आणि आठही टायरांत हवा सारखी.
एकात कमी, तर सगळी गाडी तिरकी ओढते.

मी लिहून घेते : हवा सारखी.

"आणि वजन?"

आतला ग्राइंडर कुणीतरी बंद केला.
"रबराची जोडी शंभर किलो. माझी त्याहून दहा जास्त.
खोटं कशाला सांगू, बाई."

शंभर किलो म्हणजे दोन भरलेले कॅन.
दोन कॅन म्हणजे रत्नव्वाच्या सहा म्हशी,
वर शिरगुप्प्यांचा पोरगा सायकलीला लटकवून आणतो
ते सात लिटर.
वर चढण्याची किंमत
मला पलीकडेच ठेवून यावी लागणार.

प्लास्टिकची हलकी, सत्तर.
भूपालनं नख रुतवून पाहिलं.
उमटलं नाही, म्हणूनच त्याला संशय :
"दोन उन्हाळं खाल्लं की बिस्किट हुतंय हे."

मी म्हटलं, इराण्णा, तुमच्या पट्ट्यातली
एकाआड एक पट्टी काढली तर?
तो हसला. "पकड निम्मी."
"मला गाव चढायचं नाही. काठ चढायचाय."
"केवढा काठ?"
"अकरा पावलं. परवा पात्र आटलं तेव्हा मोजलाय."

तो काही बोलला नाही.
खडू घेतला, फरशीवर वाकला,
एकाआड एक नाही, दोन ठेवून तिसरीवर
फुली मारत गेला शेवटापर्यंत,
मग बोटांवर हिशेब केला, कन्नडात,
आणि मराठीत सांगितला :
एक कॅन वाचतोय.

हजार रुपये इसार दिला.
पावतीवर माझं नाव त्यानं कन्नडात लिहिलं,
मी मराठीत सही केली.

दुसऱ्या कॅनचं
रत्नव्वाला काय सांगायचं,
ते परतताना टेम्पोत ठरवू.